गावाचा कागद गावाला



जुनी माणसे ज्याला अजून घोडनदी म्हणतात त्या शिरूरमध्ये परिषदेचे हे अधिवेशन होते आहे, याचा आनंद मोठा आहे. अध्यक्षाने गेल्या काही वर्षांतील संशोधनाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तशी टिपणे मी काढली आहेत आणि ती कार्यवाहांकडे देते आहे. आज मात्र मला एकच गोष्ट बोलायची आहे. ती बोलण्यासाठी मी या व्यासपीठाची पुष्कळ वर्षे वाट पाहिली.

याच तालुक्यात जातेगाव बुद्रुक आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी या गावाची घरोघर पाहणी केली. तिचे पुस्तक 1921 साली निघाले. त्याआधी 1917 मध्ये मान यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास आला होता. तिथे 1771 साली सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा 1915 पर्यंत 7 एकरांवर आली होती, हे त्यांनी दाखवले. शेतीच्या तुकड्यांवर बोलताना हे आकडे आपण आजही देतो. इथून पुण्याकडे जाताना कोरेगाव भीमा ओलांडले की लोणीकंद लागते. कंपनी सरकारच्या थॉमस कोट्स या डॉक्टरांनी त्या गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले, ते 1823 मध्ये छापले गेले. पुढे समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये त्याच गावात गेले आणि 1960 साली त्यांनी तेव्हाचे आणि आताचे लोणीकंद शेजारी शेजारी ठेवले. एकाच जिल्ह्यात एवढी श्रीमंती आहे. आणि ती सगळी इंग्रजीत आहे. ज्यांची घरे, कर्जे, बैल आणि भांडी मोजली, त्यांना ती वाचता येत नव्हती. मराठीत त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली आला होता, म्हणजे ही भाषा या कामाला अपुरी होती असे कुणी म्हणू नये.

माझी तक्रार इथे आहे, आणि ती सर्वांत आधी माझ्या स्वतःबद्दल आहे.

प्रबंधासाठी मी दौंड तालुक्यातल्या एका गावात दहा महिने राहिले. ज्या आजींच्या पडवीत माझी पेटी होती, त्यांनी मला पहिल्या दिवसापासून घरातली लेक मानले. प्रबंध इंग्रजीत लिहिला, पदवी मिळाली, नोकरी लागली. बारा वर्षांनी एका लग्नाला गावात गेले, तेव्हा आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “बाई, आमचं सगळं लिवून नेलं हुतंस, त्याचं काय केलंस?” मी म्हटले, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्या म्हणाल्या, “मग आमाला कवा वाचून दावणार?”

माझ्याजवळ मराठीत एक ओळ नव्हती. त्या उन्हाळ्यात मी प्रबंधातला निम्मा मजकूर मराठीत केला आणि मारुतीच्या देवळात तीन संध्याकाळी वाचला. पुरुष सभामंडपात बसले होते, बायका बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिल्या संध्याकाळी कुणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी व्यवसायांचा तक्ता वाचायला घेतला. बायकांच्या नावांपुढे मी जवळजवळ सगळीकडे ‘घरकाम’ लिहिले होते, कारण प्रश्नावलीची उत्तरे घरातल्या कर्त्या पुरुषाने दिली होती. बाहेरून एक आवाज आला, “मग ऊस कुणी खुरपला? गुऱ्हाळावर चिपाडं कुणी वाळवली?” भिंतीपलीकडे एकदम गलका झाला. एकेक बाई आपण कुणाच्या रानात, किती रोजाने, कोणत्या महिन्यात गेलो ते सांगू लागली. मी देवळाच्या पायरीवर बसून लिहून घेत राहिले.

तिसऱ्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझे बागायतीचे क्षेत्र खोडून काढले. मी ते सातबाऱ्यावरून घेतले होते. खडकवासल्याचा कालवा गावात आला म्हणून गाव बागायती झाले, असे एक अख्खे प्रकरण त्यावर उभे होते. तो म्हणाला, “आमची चारी टेलला हाये. आवर्तन सुटतं तवा आमचं रान कागदावर भिजतं.” माझ्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाची स्तुती केली होती. ते चूक आहे हे ज्याला माहीत होते, त्याच्यापर्यंत ते बारा वर्षे पोचलेच नव्हते.

म्हणून मी म्हणते, मजकूर गावाला परत देणे हे अभ्यासाचेच अंग आहे. त्याला कुणी उपकार समजू नये. ते केले नाही तर अभ्यास अपुरा आणि बहुधा चुकीचा राहतो.

या भागाला हे शिकवण्याची गरज नाही. 12 मे 1875 रोजी सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पाहता पाहता तेव्हाच्या भीमथडी, शिरूर, इंदापूर या भागांत पसरला. लोकांनी सावकारांकडून मागितले ते कागद, आणि जाळले तेही कागदच. स्वतःला वाचता न येणाऱ्या अक्षरांत आपल्याबद्दल कुणी काय लिहून ठेवले आहे, याची धास्ती आणि चीड त्यामागे होती. या दंग्यानंतरच्या 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा असे ठरवले, ते उगाच नाही. सावकाराच्या कागदासाठी जे बंधन सरकारला पटले, ते संशोधकाच्या कागदासाठी आपल्याला आजवर पटलेले नाही.

काल चर्चासत्रात गावाचे नाव लपवावे की नाही यावर दोन तास वाद झाला. अभ्यासक ओरेन्स्टाईन यांनी 1965 च्या पुस्तकात पुणे जिल्ह्यातल्या आपण अभ्यासलेल्या गावाला ‘गाव’ एवढेच नाव दिले, त्याचा दाखला दिला गेला. मीही प्रबंधात खोटे नाव घातले होते. देवळात वाचताना पहिल्याच पानावर एका पोराने विचारले, “हे गाव कुठलं?” आपलेच, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बाकी विहिरीजवळचे घर कुणाचे, कुणाच्या भावकीत वाटणीवरून कज्जा झाला, हे सगळ्यांनी नावावाचून ओळखले. खोट्या नावाने गावापासून काही लपत नाही, गावाची ओळख मात्र जाते. व्यक्तीचे नाव लपवा. जिथे कुणाला धोका आहे तिथे गावाचेही लपवा, पण गावाला विचारून.

दुसरा वाद, खेडे संपले का? तरुण मित्र रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवतात. त्या वसाहतीला लागून असलेल्या एका गावात मी अलीकडे जाते. शेतकऱ्यांनी रानात ओळीने खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. गावात माणसे किती, असे विचारले की आकडा मिळतो. त्यात भाडेकरी धरले का, विचारले की उत्तर येते, “ते गावातले नाहीत.” आठ वर्षे त्याच नळावर पाणी भरणारी मराठवाड्यातली बाईही त्यात नाही. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा मिरासदार आणि बाहेरून आलेला उपरी हा भेद पेशवाईतल्या कागदांत आहे. तो नव्या कपड्यांत माझ्यासमोर उभा होता. आत कोण आणि बाहेर कोण हे जिथे अजून एवढ्या ठामपणे ठरते, ते खेडे संपलेले नाही. आणि हे मला कळले ते नळावर त्या बाईशेजारी हंडा धरून उभी राहिले म्हणून. अर्ध्या दिवसात शंभर प्रश्नावल्या भरून परतणाऱ्या गाडीला हा नळ दिसत नाही.

मला सांगतात, पदोन्नतीचे गुण नियतकालिकांतल्या लेखांना आहेत, देवळातल्या वाचनाला नाहीत. खरे आहे. पण ते गुण देणाऱ्या समित्यांवर आज या सभागृहातलीच माणसे बसतात. ती काय करतात, हे मी उघडपणे विचारते. विद्यार्थ्याला आपण मराठीत मुलाखती घ्यायला पाठवतो, आणि त्याच मुलाखतींवर त्याने मराठीत लिहिले की त्याला खालच्या पायरीवर बसवतो. हे मी तीस वर्षे पाहिले आहे आणि ते लाजिरवाणे आहे.

परिषदेने काय करावे? जुन्या ग्रामअभ्यासांची मराठी भाषांतरे हाती घ्यावीत. प्रत्येक प्रबंधासोबत गावासाठी मराठी गोषवारा असावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. पैसा कुठून येईल, कोण तपासेल, हे कार्यकारिणीने ठरवावे. मी हवी ती मदत करीन.

पडवीतल्या आजी आता नाहीत. त्यांच्या नातसुनेकडे माझ्या प्रबंधाची मराठी प्रत आहे, बायकांच्या दुरुस्त्यांसकट.

जातेगावच्या पुस्तकातली दोन प्रकरणे मी मराठीत केली आहेत. उद्या अधिवेशन संपल्यावर मी ती घेऊन जातेगावला जाणार आहे. वाचन देवळात होईल की शाळेत, ते तिथली मंडळी ठरवतील. ज्यांना सोबत यायचे आहे, त्यांनी आज जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे.