न परतलेल्यांची घरं





एखाद्याचा पुरता धुव्वा उडाला की त्याचं पानिपत झालं, असं आपण आजही सहज म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई मराठीत पुष्कळदा लिहून झाली. विश्वास पाटलांच्या कादंबरीने तर ती घराघरांत नेली. मला आज बोलायचं आहे ते लढाईनंतरच्या पंधरा वर्षांबद्दल.

मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या फौजेबरोबर बुणगे होते: बाजारकरी, नोकरचाकर, बायकामुलं, यात्रेकरू. लष्कराला झालेलं ओझं, अशीच त्यांची नोंद आपण घेतो. माझ्या पहिल्या कादंबरीत मीही तेच केलं. पुढे नाना फडणिसांचं आत्मवृत्त वाचलं. विशीही न गाठलेला हा मुलगा आई आणि पत्नीसह त्या छावणीत होता. अंगावरची वस्त्रं टाकून, जीव मुठीत धरून तो परतला. पत्नी वाचली, आईला मात्र तो कायमचा मुकला. तेव्हापासून ‘बुणगे’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही परतल्या. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराजाने भाऊंचा देह सापडल्याचं आणि त्यावर अंत्यसंस्कार झाल्याचं लिहून ठेवलं आहे. पण पुण्याच्या वाड्यात तो देह कुणी पाहिला होता? पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही.

आणि मग मीच भाऊ, असं सांगणारा तोतया आला. रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला आणि कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्या बंडावर नाटक लिहिलं. लबाड माणूस आणि त्याला भुललेले भोळे लोक, अशीच ही गोष्ट आपल्या डोक्यात बसली आहे. मला ते पटत नाही. त्याच्या मागे गेलेल्यांत सत्तेचे आणि पैशाचे लोभी होतेच. पण ज्या घरातून कुणी उत्तरेत गेलं आणि निरोपही आला नाही, त्या घराने काय ऐकलं असेल? भाऊ जिवंत असतील तर आपला माणूसही कुठेतरी जिवंत असेल, एवढंच. त्या वेळी पुण्याचा कारभार कोणाच्या हाती होता, हेही आठवा. पानिपतात आई गमावलेल्या त्याच नानांच्या.

इथे कादंबरीकाराला जागा आहे. तारीख हलवायची नाही, झालेली शिक्षा टाळायची नाही, एवढी शिस्त मी पाळतो आणि ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या तुम्हीही पाळावी असा माझा आग्रह आहे. पण त्या घरांच्या ओसरीवर जाऊन बसायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही, आणि तिथे आपण फारच कमी वेळा गेलो आहोत.

सध्या लिहितो आहे त्या कादंबरीत कोकणातली एक बाई आहे. पंधरा वर्षं कुंकू लावत आलेली. घाटी चढून ती तोतयाला पाहायला जाते. तिच्या तोंडी काय घालावं, यावर मी बरेच महिने अडलो होतो. आपण खरे भाऊ का, असं ती विचारणार नाही, हे आता मला कळलं आहे. ती हात जोडून एवढंच म्हणेल, “आमचे हे तुमच्याबरोबर होते.”