जातीचे मर्म आणि कामगारांची एकी



मानववंशशास्त्र हा विद्यापीठातला विषय. कामगार चळवळीतल्या माणसाचे तेथे काय काम, असे आपणांस वाटेल. परंतु या शास्त्राच्या एका विद्यार्थ्याची हकीकत आम्हां कामगारांच्या फार जवळची आहे.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण मानववंशशास्त्राच्याही वर्गात ते बसत. फ्रान्झ बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला.

रिस्लीसाहेबांनी लोकांची नाके-डोकी मोजून जातीचे मूळ वंशात शोधले होते. ज्यांची मापे घेतली जात, त्यांच्यातलाच एकजण आता पंडितांच्या सिद्धांतांचे माप घेत होता! सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून गाजलेले केतकर, या चौघांची मते त्यांनी तपासली. निष्कर्ष असा की, जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमात आहे. एका वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातले, इतरांनी त्याचे अनुकरण केले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही कुंपण राखण्याची साधने.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे वळू. साळखात्यात मजुरी जास्त मिळे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता. ही बंदी मालकाच्या कायद्याने नव्हे, सवर्ण कामगाराच्या विटाळाने टिकली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. चर्चावर्गातला विद्यार्थी आणि संपातला पुढारी हे दोघे वेगळे नव्हते.

पगार वाढला की जात आपोआप गळेल, असे अजूनही पुष्कळांना वाटते. गिरण्या गेल्या, पण आज गटारात उतरणारा कामगार बहुधा कोणत्या समाजाचा असतो, हे या सभेत सांगावे लागत नाही. मोर्च्यात खांद्याला खांदा लावणारे दोघे सोयरीक जुळवताना वेगवेगळ्या वाटांनी जातात. जोवर हे आहे, तोवर आमची एकी पगाराच्या तारखेपुरतीच राहील.

म्हणून आमची विनंती एवढीच : हे शास्त्र विद्यापीठात कोंडून ठेवू नका. तो निबंध मराठीत आहे, लहान आहे. कामगारवस्तीत त्याचे वाचन करा, आणि मग आपापल्या घरच्या लग्नपत्रिका समोर ठेवून विचार करा.