नाताळचें जेवण आणि आधींचे पांच आठवडे

इंग्लंडांत नाताळच्या जेवणाचा आरंभ २५ डिसेंबरला होत नाहीं. तो नोव्हेंबरच्या अखेरीस, एका रविवारीं होतो. ख्रिस्तजन्मापूर्वींच्या चार रविवारांचा जो ‘ॲडव्हेंट’ नांवाचा काळ, त्याच्या अगोदरच्या रविवारास तिकडील लोक ‘ढवळण्याचा रविवार’ म्हणतात. त्या दिवशीं चर्चमध्यें पूर्वापार म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचा आरंभच ‘ढवळून काढ’ अशा अर्थाच्या शब्दांनीं होतो. प्रार्थनेंत ढवळावयाचीं असतात तीं भाविकांचीं मनें. परंतु घरीं परतणाऱ्या गृहिणीला आठवतें तें पुडिंगचें भांडें.

पुडिंग म्हटलें कीं आपल्याकडे दुधाचा थलथलीत पदार्थ डोळ्यांपुढें येतो. नाताळचें पुडिंग तसें नव्हे. तें काळेंभोर, जड आणि घट्ट असतें. बेदाणे, मनुका, पावाचा चुरा, अंडीं, तांबूस साखर, दालचिनी, जायफळ आणि बैलाच्या मूत्रपिंडाभोंवतालची कठीण चरबी (शाकाहारी श्रोत्यांनीं येथें क्षणभर कान झांकून घ्यावेत, आतां तिकडेहि कित्येक घरीं वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ वापरतात) हें सर्व ब्रँडी किंवा बिअर घालून कालवावयाचें. घरांतील लहानथोर प्रत्येकानें एकदां तरी पळी फिरवावी व मनांत एक इच्छा धरावी, अशी चाल आहे. पळी फिरवावयाची ती पूर्वेकडून पश्चिमेकडे. कारण बाळ येशूच्या दर्शनास आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. मग तो गोळा पूर्वीं फडक्यांत बांधून उकळीत. पुढें वाडग्यांत घालून सहा ते आठ तास वाफविण्याची रीत पडली. थंड झाल्यावर वाडगें झांकून कोरड्या, गार जागीं ठेवून द्यावयाचें. नाताळच्या दिवशीं दोन तास पुन्हां वाफ दिली कीं काम झालें.

पांच आठवडे शिजलेला पदार्थ टिकतो कसा, असा प्रश्न साहजिकच मनांत येईल. साखर व सुकीं फळें पाण्याचा अंश आपल्यापाशीं धरून ठेवतात, त्यामुळें बुरशीला व जंतूंना वाढावयास लागणारें पाणीच उरत नाहीं. मद्याचीहि त्यास मदत होते. या अवधींत मसाल्याचा उग्रपणा जाऊन त्याचा वास सर्वत्र सारखा पसरतो. लोणचें घालणाऱ्या घरांत हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पुडिंग मुरतें, एवढें म्हटलें कीं पुरे.

परंतु आगाऊ तयारीची खरी किंमत रुचीपुरती नाहीं. चार्ल्स डिकन्सनें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ए ख्रिसमस कॅरोल’ या कथेंत बॉब क्रॅचिट नांवाच्या कारकुनाच्या घरचें नाताळचें जेवण आहे. मिळकत आठवड्याला पंधरा शिलिंग. गूज पक्षी भाजण्यासाठीं बेकरीवाल्याकडे दिलेला. गरिबांची ती नेहमींचीच रीत होती. पुडिंग शिजत आहे तें कपडे उकळण्याच्या हंड्यांत. तें आणावयाची वेळ येते तेव्हां बाई एकट्याच उठून जातात. साक्षीला कोणी नको, इतक्या त्या घाबरलेल्या असतात. कच्चें राहिलें असेल तर? काढतांना फुटलें तर? कोणी परसाची भिंत ओलांडून चोरून नेलें असेल तर? पुडिंग सुखरूप येतें. आणि तें पानांपुढें आल्यावर मग बाई कबूल करतात कीं, पिठाच्या प्रमाणाबद्दल मनांत धाकधूक होती. डिकन्सनें हें हंसत हंसत सांगितलें आहे. पण पंधरा शिलिंगांच्या संसारांत दुसरें पुडिंग कोठून येणार? पांच आठवडे आधीं शिजविलेलें पुडिंग बिघडलेंच, तर नोव्हेंबरांत बिघडतें. सर्व मंडळी जेवावयास बसलेलीं असतांना बिघडत नाहीं.

आज घरोघर भट्टी आहे. पण ती एकच, आणि त्या दिवशीं सकाळपासून टर्की पक्षी ती अडवून बसतो. म्हणून जाणती गृहिणी क्रॅनबेरीची चटणी, रश्शासाठीं लागणारें हाडांचें पाणी व पक्ष्याच्या पोटांत भरावयाच्या सारणाचा पावाचा चुरा आदल्या दिवशींच करून ठेवते. बटाटेहि अर्धवट उकडून ठेवतां येतात. गोठविलेली टर्की मात्र शीतकपाटांतच सावकाश वितळूं द्यावी. दर दोन किलोंस सुमारें एक दिवस लागतो, म्हणजे सहा किलोंच्या पक्ष्यास तीन दिवस. तयार सारण रात्रींच पक्ष्याच्या पोटांत भरून ठेवणें ही बचत नव्हे, तो धोका आहे. आंत जंतु वाढतात आणि भट्टीची उष्णता तेथवर उशीरा पोंचते. हिरव्या भाज्या तर ऐन वेळींच शिजवाव्या. आदल्या दिवशींच्या शिळ्या कोबीनें कोणत्याहि सणाची शोभा वाढत नाहीं.

ही दूरदृष्टि इंग्रज गृहिणीचीच आहे असें नव्हे. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांत दोदोलाची कढई नाताळच्या आधींच चुलीवर चढते. गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचें पीठ घोंटतां घोंटतां हात दुखूं लागतात. म्हणून तें काम आळीपाळीनेंच होतें. बेबिंकेचा एक थर भाजल्यावांचून दुसरा ओततां येत नाहीं. ती घाईनें होण्यासारखीच नाहीं. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या बहिणीच. या जिनसांचीं ताटें शेजारींपाजारीं, हिंदु घरींहि जातात. सोरपोतेल तर दोनतीन दिवस आधीं करून रोज उकळी देऊन ठेवतात. माडीच्या शिरक्यानें तें टिकतें, आणि तिसऱ्या दिवशीं त्याला जी चव येते ती पहिल्या दिवशीं नसते. नाताळच्या सकाळीं तें फक्त ऊन करावयाचें. सोबतच्या सान्नां मात्र त्याच दिवशीं वाफविलेल्या लागतात.