सत्तावीस की बहात्तर?

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेली तेलुगू घरातली दुसरीची पोरं मराठी शाळेत आकडे शिकतात. बाई ‘सत्तावीस’ म्हणतात आणि पाटीवर कधीकधी ७२ उमटतं. पोराचं ऐकणं बरोबरच असतं; मराठीत सात आधी कानावर पडतो, वीस नंतर. घरी मात्र ‘इरवै एडु’, म्हणजे वीस सात. कन्नडमध्येही तसंच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ती वाट मोलाची वाटते. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे, सात काड्या सुट्या. एकदा हाताळून मोजल्या, की २७ लिहिताना हात अडखळत नाही. ‘सत्तावीस’ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जिभेवर रुळतंच.