अंगणातलं गवत : कोणतं काढावं, कोणतं राखावं



पोळा झाला. महालक्ष्म्या जेवल्या. गणपती गेले. आता घटस्थापना जवळ आली. पाऊस सरत आला आहे. या दिवसांत आपण घर सारवतो, भिंती पोतारतो. पण अंगणाकडे आणि परसाकडे कोण बघतो? तिथं गवत गुडघ्याला लागलेलं असतं. आज त्या गवताविषयी बोलायचं आहे.

सगळं गवत सारखं नसतं. एक आपल्या कामाचं आहे. एक आपला वैरी आहे.

कामाचं गवत म्हणजे हरळी. गणपतीला आपण दूर्वा वाहतो, ती हीच. शेतात ती पिकाला त्रास देते, हे खरं. पण अंगणाच्या कडेला ती चांगली. तिची मुळं माती धरून ठेवतात. पावसानं माती वाहत नाही. वाऱ्यानं धूळ उडत नाही. शेळी तिला आवडीनं खाते.

वैरी कोण? गाजर गवत. पान गाजराच्या पानासारखं असतं, म्हणून हे नाव. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. फुलं बारीक, पांढरी, चांदण्यांसारखी. म्हणून चटकचांदणी असंही म्हणतात. हे गवत आपलं नाही. ते अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्याजवळ दिसलं. आज ते नांदेडला आहे, लातूरला आहे, सगळ्या देशात आहे. एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. वारा आणि पाणी त्या बिया गावभर नेतात.

या गवतानं अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. काहींना शिंका येतात, दमाही होतो. जनावरं सहसा ते खात नाहीत. खाल्लं तर दुधाला कडवट चव येते.

मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. शाळेचं आवार या गवतानं भरलं होतं. मी पोरांना म्हणालो, “चला, उपटून टाका.” पोरांनी उघड्या हातांनी उपटलं. दुसऱ्या दिवशी एका पोराचे हात सुजले. मानेवर पुरळ उठलं. त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, पोरगं शिकायला पाठवलं होतं. हे काय करून पाठवलंत?” मी खाली मान घातली. चूक माझी होती. काम चांगलं होतं, पण रीत चुकली होती. आम्ही पोराला दवाखान्यात नेलं. पुढं बरेच दिवस त्याला पाटी धरता आली नाही. म्हणून आज रीत सांगतो. नीट ध्यानात ठेवा.

एक. गवत फुलावर यायच्या आधी काढा. फूल आलं की बी आलंच.

दोन. माती ओली असताना मुळासकट उपटा. नुसतं विळ्यानं कापलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं.

तीन. हाताला प्लास्टिकची पिशवी किंवा जाड फडकं बांधा. नाकातोंडाला रुमाल बांधा. लेकरांना या कामाला लावू नका. ज्यांना खाज किंवा दमा आहे, त्यांनीही दूर राहावं. काम झालं की हातपाय साबणानं धुवा.

चार. फुलाआधी काढलेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकलं तर त्याचं खत होतं. फुलं आलेलं मात्र त्यात टाकू नका. नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल. ते वेगळ्या खोल खड्ड्यात पुरा.

पाच. या गवताच्या पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिको देशातले. हे गवत खाऊन टाकावं म्हणून ते १९८४ साली आपल्या देशात सोडले. ते आपले गडी आहेत.

मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं बी गोळा करून टाका. पुढच्या पावसाळ्यात तरोटा दाट आला, की गाजर गवताला जागा मिळत नाही. कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

आता हरळीचं. दसऱ्यापर्यंत ती विळ्यानं बुटकी करा. उंच गवतात साप-विंचू लपतात. थंडीत तिला आंघोळीचं सांडपाणी पुरे. चांगलं पाणी तिच्यावर घालू नका. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. उन्हाळ्यात हरळी वाळेल. वाळू द्या. मुळं जिवंत राहतात. पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते.

शेवटची गोष्ट. एकट्यानं अंगण साफ करून भागत नाही. शेजाऱ्याच्या परसातलं बी आपल्या दारात येतं. म्हणून सगळ्या आळीनं एक दिवस ठरवावा. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, मग रात्री कीर्तन करीत. आपणही दिवाळीच्या आधी आपली आळी साफ करू. मग दारात पणती लावू.

एवढं सांगून मी थांबतो. रामराम.