बंद लिफाफ्यातला न्याय

न्यायालयातली कागदपत्रं लोकांपासून कधी लपवावीत?

हा प्रश्न आपल्या मुंबईतच गाजला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्ध उच्च न्यायालयात बदनामीचा दावा चालू होता. एक साक्षीदार म्हणाला, माझी आधीची साक्ष छापून आली आणि धंद्याचं नुकसान झालं. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश दिला. पत्रकार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. 1966 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं आदेश कायम ठेवला; मात्र खुली सुनावणी हाच नियम, गुप्तता अपवाद, हेही बजावलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी विरोधी मत नोंदवलं. मला तेच पटतं. धंद्यातलं नुकसान हे साक्ष झाकायला पुरेसं कारण नव्हे.

बलात्काराच्या खटल्यातली गोष्ट निराळी. तिथे पीडितेची ओळख कायद्यानंच गुप्त राहते, आणि ती राहायलाच हवी.

खरी काळजी वाटते ती बंद लिफाफ्याची. मल्याळम वाहिनी 'मीडिया वन'ला सरकारनं सुरक्षा मंजुरी नाकारली. कारणं लिफाफ्यातून फक्त न्यायाधीशांना दिली. आरोप काय, हेच ठाऊक नसेल तर वकिलानं उत्तर कशाला द्यायचं? 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मंजुरी नाकारण्याचा हा निर्णय रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेऊन भागणार नाही, कारण दाखवावं लागेल; शक्य तिथे नाजूक मजकूर झाकून उरलेला कागद समोरच्या पक्षाला द्यावा, असं न्यायालयानं सांगितलं.