मासळीचे पीक आणि मासळीचे वाळवण



या देशात 2022-23 साली 175.45 लाख टन मासळी निघाली. 2013-14 मध्ये हाच आकडा 95.79 लाख टन होता. या 175 लाख टनांपैकी 131 लाख टन मासळी समुद्रातली नाही; ती तळ्यांतली, धरणांतली, नद्यांतली आणि शेततळ्यांतली आहे. जगाचेही तेच झाले. 2022 मध्ये पाळलेल्या जलचरांचे उत्पादन इतिहासात पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त भरले. मासा ही शिकार राहिली नाही, ते पीक झाले आहे.

पण पीक म्हटले की त्याची कोठारे, त्याची साठवण, त्याची राखण या गोष्टी ओघाने येतात. ज्वारीला पेव होते, कांद्याला चाळ आहे. मासळीला काय आहे? या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात एकच म्हणणे मांडायचे आहे: मासा पिकवण्यावर देशाने जितकी बुद्धी आणि जितका पैसा लावला, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकाच तो टिकवण्यावर लावला. आणि टिकवण्याचे काम ज्यांच्या हाती होते त्या बायकांना या व्यवसायाच्या हिशेबात धरलेच नाही.

आधी पिकवण्याबद्दल, कारण तिथला पराक्रम खरोखर मोठा आहे.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्या तळ्यांतले मुख्य मासे. ते तळ्यात वाढतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली पुराची नदी लागते. त्यामुळे पूर्वी मासे पाळायचे म्हणजे आधी नदीच्या पुरात बारीक जाळी लावून बीज गोळा करायचे. त्यात कुठल्या जातीचे काय आले हे कळायला मार्ग नसे. हवे त्याबरोबर नको तेही यायचे, आणि तळ्यात सोडल्यावर नको ते हव्याला खाऊन टाकायचे. ही अडचण सोडवली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. माशाच्या डोक्यातून काढलेली इवलीशी ग्रंथी, तिचा वाटून केलेला अर्क आणि एक सुई. एवढ्या सामग्रीवर भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचा पाया घातला गेला. 10 जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याचसाठी.

त्यानंतर बीज हाताशी आले. मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग तळे, असा क्रम गावोगावच्या संस्थांना पाठ झाला. कटला वरच्या थरातले खाते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरते. तिन्ही एकत्र सोडले की तळ्याचा कुठलाच थर वाया जात नाही. 1971 नंतर या तिघांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी कार्प देऊन एकत्र संवर्धनाचे प्रयोग देशभर झाले आणि हेक्टरी उत्पादन कित्येक पटींनी वाढले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या आवारात महासीर माशाची पैदास सुरू झाली. त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी होते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद सांभाळलेल्या या शास्त्रज्ञाने 1940 साली मुंबईच्या खाऱ्या पाण्यातल्या एका चिमुकल्या मासळीची जगाला प्रथम ओळख करून दिली होती. वळवणची बोटुकली पुढे देशाच्या अनेक राज्यांतल्या नद्या-तलावांत गेली. मराठी विज्ञानलेखनाने या माणसाची दखल फार कमी घेतली आहे.

मत्स्यशेती काही 1957 साली जन्मली नाही, हेही इथे सांगायला हवे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि मासेमारी यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गोव्याच्या खाजनांत भाताची आणि मासळीची शेती एकाच जमिनीवर शतकानुशतके चालली. खाडीच्या कडेला बांध, बांधात लाकडी दारांचे मानस. भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पावसाळ्यात तिथे कोरगूट भात पिकते. भात निघाल्यावर खारे पाणी आत घेतात आणि मानसाच्या तोंडाशी जाळे लावून कोळंबी, शेवटे धरतात. कोलकात्याच्या पूर्वेला 12,500 हेक्टरांच्या पाणथळीत शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हाखाली खेळवून त्यावर मासे वाढवले जातात. 2002 पासून ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे.

विदर्भात हा वारसा सर्वांत ठळक दिसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने खोदलेले हजारो तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव पडले. ढिवर या मच्छीमार समाजाच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेऊ लागल्या. मग एकच मंत्र आला: कटला-रोहूचे बीज सोडा. तलावात बेशरमीची झुडपे माजली, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे मरळ, देशी मागूर यांसारखे मासेही कमी झाले. अलीकडच्या काळात भंडारा-गोंदियातल्या काही तलावांवर ढिवर बायका-पुरुषांनी उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि गेलेले मासे परत आणले. मत्स्यशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना एक उन्हाळा तिथे पाठवावा.

उलटे काय होते तेही देशाने पाहिले आहे. 1990 च्या दशकात आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी धडाधड खोदली गेली. विहिरी खाऱ्या झाल्या, भातजमिनी गेल्या, आणि 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी रिकामी केली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. 2005 मध्ये किनारी मत्स्यसंवर्धनासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. 2009 नंतर व्हॅनामी ही अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची कोळंबी आली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. 2022-23 मध्ये भारताने 63,969 कोटी रुपयांची सागरी उत्पादने निर्यात केली. त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता.

ही कोळंबी टिकते कशी ते पाहा. तळ्यातून निघताच बर्फात, तिथून थंड गाडीत, कारखान्यात निवड, सोलणी, उणे 18 अंशांखालची साठवण, प्रत्येक पेटीवर मूळ तळ्यापर्यंतचा माग. माल डॉलरमध्ये विकला जाणार असेल तर आपल्याला सगळे जमते. साताऱ्याच्या आठवडी बाजारात जाणाऱ्या बांगड्यासाठी यातले काहीही नाही. तिथल्या गिऱ्हाइकाच्या पोटाचे मोल कमी का धरावे?

आता टिकवण्याकडे वळू.

वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा, सातपाटी या किनाऱ्यावर पावसाळा सरला की मासळी वाळवायला बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात. भरती-ओहोटीच्या ओढीत लावलेल्या डोल जाळ्यात बोंबील येतो. त्याच्या अंगात शेकडा 85 हून अधिक पाणी. इतका लुसलुशीत मासा उन्हात काही तासही तग धरत नाही. कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. मीठ लावत नाहीत. चारी बाजूंनी वारा लागतो, पाणी निथळते, आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत तीन-चार उन्हांत तो कडक होतो. त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण तेव्हा वजनाच्या 60 टक्क्यांच्या आसपास जाते. वीज नाही, इंधन नाही, बर्फ नाही.

यामागचे शास्त्र पक्के आहे. माशाला सडवणाऱ्या जिवाणूंना पाणी लागते, आणि तेही मोकळे, त्यांना वापरता येईल असे. ऊन आणि वारा ते पाणी काढून नेतात; मीठ ते आपल्यापाशी बांधून ठेवते. बोंबील, जवळा, करंदी, वाकट्या यांना ऊन पुरते. जाड अंगाच्या सुरमईला, बांगड्याला मीठ लागते. कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात. कुठल्या मासळीला काय, कुठल्या महिन्यात, किती वेळा पालटायचे, हा सगळा निर्णय हात लावून आणि वास घेऊन केला जातो. किनाऱ्यावर मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत कोकणातल्या आणि घाटावरच्या लाखो घरांना हेच वाळवण पुरते. मुंबईतल्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात तो व्यापार कोळी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला. देशभरातून गोळा होणारी सुकी मासळी आसामातल्या जागीरोडच्या बाजारामार्गे ईशान्येच्या डोंगरांपर्यंत पोचते, जिथे ताजा समुद्री मासा कधीच पोचणार नाही.

आणि या उद्योगाची आजची जागा कुठली? वाळू, रस्त्याची कड, जमिनीवर अंथरलेले जुने जाळे. माश्या बसतात, धूळ उडते. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाच्या पावसाने मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजून नासली. अवकाळी पाऊस आता दर वर्षीचा झाला आहे. द्राक्षाचा घड गळला तर पंचनामा होतो. वलांडीवरचा बोंबील भिजला तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा हेच तलाठ्याला ठाऊक नसते.

ताज्या मासळीचे दुखणे निराळे. उष्ण हवेत एका किलो मासळीला एक किलो बर्फ लागतो. तो वाचवायला गेले की पुढचे सगळे बिघडते. बांगडा आणि कुपा यांसारखे मासे उबेत राहिले तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात, आणि कितीही उकळले तरी ते जात नाही. मग कोणी बर्फाऐवजी रसायनाकडे वळतो. जुलै 2018 मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घातली, तेव्हा ताटातला मासा अचानक नकोसा झाला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच सुमारास फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणारी साधी कागदी पट्टी बाजारात आणली. उत्तम काम. पण फॉर्मेलिनचा मोह होतो तो बर्फ परवडत नाही म्हणून, आणि पट्टीने बर्फ स्वस्त होत नाही.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातील संस्थेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काढणीनंतरची नासाडी गोड्या पाण्यातल्या मासळीत 5.23 टक्के आणि सागरी मासळीत 10.52 टक्के निघाली. समुद्रातून काढलेल्या दर दहा माशांमागे एक मासा कुणाच्याही पोटात जात नाही. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर तारलीसारखी स्वस्त आणि सकस मासळी भुकटीच्या कारखान्यांकडे जाते. त्या भुकटीतून कोळंबीचे खाद्य तयार होते. गरिबाच्या कालवणातला मासा दळून श्रीमंताच्या ताटातली कोळंबी पोसणे याला अन्नउत्पादनातली वाढ म्हणता येणार नाही. शेंगदाणा आणि सोयाबीनच्या पेंडीवर, तांदळाच्या कोंड्यावर वाढणाऱ्या कटला-रोहूची शेती या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे, आणि सार्वजनिक पैसा आधी तिच्याकडे वळायला हवा.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही मागणी जुनी होती आणि निर्णय स्वागतार्ह आहे. आता त्याचा अर्थ ठरवण्याची वेळ आहे, आणि तो नुसता तळे खोदणाऱ्याच्या आणि बोट बांधणाऱ्याच्या बाजूने ठरू नये. मासळी वाळवणारी बाई या दर्जात शेतकरी म्हणून धरली जावी. तिच्या वाळवणाला पीकविम्यासारखे संरक्षण मिळावे, भिजलेल्या मालाचा पंचनामा व्हावा. प्रत्येक कोळीवाड्याच्या सीमांकनात वाळवणीची जागा सातबाऱ्यावर चढावी, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर सर्वांत आधी ती जागाच गिळली जाते. उंच मांडव, वर झाकण्याची सोय, पिण्यायोग्य पाणी, आणि शंभर-दोनशे किलोचा सौर वाळवणी यंत्राचा संच, एवढी सामग्री एका मोठ्या बोटीच्या अनुदानात कित्येक गावांना पुरेल. विदर्भातल्या तलावांवरही बर्फाचे छोटे कारखाने संस्थांच्या मालकीचे हवेत, म्हणजे तलाव उपसल्याच्या दिवशी व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यावा लागणार नाही.

उद्याच्या खुल्या सत्रात ठराव मांडले जातील. त्या वेळी मंचावर मत्स्यबीज केंद्रांचे आणि निर्यातदारांचे प्रतिनिधी असतील, तसे उत्तन आणि अर्नाळ्याच्या वाळवणी करणाऱ्या भगिनींचे आणि ढिवर संस्थांतल्या बायकांचे प्रतिनिधीही असावेत, अशी विनंती आयोजकांना केली आहे. त्यांनी ती मान्य केली आहे. वाळवणीच्या जागेचा ठराव पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि त्यावर बोलायला आधी त्यांना उभे करावे.